एका कान्याचा फरक

दुभाषीबाईंचा पहिला नियम असा, की खोलीत शिरताना आपलं ‘मी’ छत्रीसारखं दाराबाहेर ठेवून यायचं. समोरचा म्हणाला, “माझं डोकं दुखतं,” तर बाईंनीही “माझं डोकं दुखतं” असंच म्हणायचं. “हे म्हणतायत की यांचं डोकं दुखतंय” असलं चऱ्हाट वळत बसायचं नाही. त्यामुळे दिवसभरात बाईंचं डोकं दुखायचं, बाईंचा नवरा पिऊन यायचा, बाईंची नोकरी जायची आणि विमानाचा आवाज ऐकला की बाईंना पलंगाखाली शिरावंसं वाटायचं. संध्याकाळी घरी गेल्या की बाईंचा खरा नवरा, ज्याने उभ्या जन्मात सरबतापलीकडे मजल मारली नव्हती, तो विचारायचा, “आज कोण कोण होतीस?” आणि बाई म्हणायच्या, “आधी चहा दे.”

त्या ज्या केंद्रात काम करायच्या ते चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. मनाने खचलेली माणसं तिथे बोलायला यायची. घरी एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी, अशी कात्रीत सापडलेली माणसं. ज्यांनी प्रेम केलं म्हणून घरच्यांनी दार लावून घेतलं होतं, अशी माणसं. ज्यांना आरशातलं माणूस आपलं वाटत नव्हतं आणि जे आपलं वाटत होतं ते घरात कुणाला चालत नव्हतं, अशीही. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर ‘बसा’ हा शब्द झाडून साऱ्या लिप्यांत लिहिला होता. मराठीतला ‘बसा’ बाईंनी स्वतः लिहून लावला होता, कारण आधीचा कुणीतरी उलटा टांगला होता आणि तो वाचून मराठी माणसं उभीच राहायची.

समुपदेशक दुसऱ्याच कुठल्या देशातून आलेला होता. त्याला बाई मनातल्या मनात थंडोबा म्हणायच्या. समोर कुणी टेबल आपटो की हंबरडा फोडो, ह्या गड्याच्या आवाजाची पट्टी बदलायची नाही. त्याच्या टेबलावर त्याच्या नवऱ्याचा फोटो होता. पहिल्या दिवशी बाईंची नजर त्या फोटोवर अडकली होती. आता इतक्या वर्षांनी त्यांना त्या फोटोतलं फक्त स्वेटर खटकायचं.

बाईंना आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत. मराठीतून शहराच्या भाषेत, शहराच्या भाषेतून मराठीत, ना सांड ना लवंड. दुभाष्याने रडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, शब्द पदरचा घालायचा नाही आणि गाळायचाही नाही. त्यामुळे ती आई आणि तो मुलगा समोर येऊन बसले तेव्हा बाईंना काळजी अशी काही वाटली नव्हती.

आई पाळणाघर चालवायची. बोलायला फटकळ, हाताला सतत काहीतरी काम हवं. काही नाही तर खुर्चीच्या दांड्यावरची धूळच पुसत होती. मुलगा तेविशीचा, सायकलींच्या दुकानात काम करणारा, नखांत तेलाचा काळा रंग बसलेला. जन्मापासून मुलगी म्हणून वाढवला गेला होता. पण आपण मुलगी नाही, हे त्याला फार लवकर कळलं होतं आणि घरी सांगायला फार उशीर झाला होता. सांगितलं त्या दिवशी जे व्हायचं ते झालं. त्यानंतर दोन वर्षं मायलेकरांची भेट नव्हती. गेल्या हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला. अंगात ताप नाही, काही नाही, पण उठायचाच नाही. मित्राने त्याला धरून थंडोबाकडे आणलं आणि हळूहळू गडी सावरला.

आता महिनाअखेरीस तो दुसऱ्या शहरात कामाला चालला होता. आईला नवा पत्ता द्यायचा की नाही, एवढंच त्याला ह्या खोलीत ठरवायचं होतं. पत्ता न देता गेला, तर पुन्हा शोधू नको असा त्याचा अर्थ होता. हे थंडोबाने आईला आधीच सांगितलं होतं.

आईने पहिल्या भेटीत जे तोंड सोडलं ते थांबेचना.

“चौदाची झाली आणि मराठी बंद! माझ्याशी, सख्ख्या आईशी! मी मराठीत विचारायचं आणि हिने इथल्या भाषेत उत्तर फेकायचं. मला त्यातलं निम्मं कळायचं, निम्मं नाही. त्याच्या आधी तरी काय मोठं? ‘मला भूक लागला, मला तहान लागला.’ लहानपणी स्वच्छ बोलायची हो, आणि मोठी झाल्यावर मुद्दाम वाकडं! मी दर वेळी सुधारायचे. ‘लागली’ म्हण, बाई, ‘लागली’ म्हण. तर ताटावरून उठून जायची. भाषेची लाज वाटायला लागली हिला. म्हणजे माझीच की!”

बाईंनी हे सगळं शहराच्या भाषेत केलं. झकास केलं, आईच्या आवाजातल्या खाचखळग्यांसकट. मग मुलगा बोलू लागला. तो शहराच्या भाषेत बोलायचा आणि बाई ते आईसाठी मराठीत सांगायच्या. बाई म्हणाल्या, “मी एकदा शाळेतून घरी आले, खूप दमले होते, आणि तुला सांगायचं ठरवून—”

मुलगा थांबला. त्याने बाईंकडे पाहिलं. भाषा जिभेवरून जाते, कानांतून जात नाही.

“इथेसुद्धा?” एवढंच तो म्हणाला. त्याने खुर्चीखालचं हेल्मेट उचललं आणि निघून गेला.

आईला कळेना, थंडोबाला कळेना. “तुम्ही काय म्हणालात?” थंडोबाने विचारलं.

“त्याने सांगितलं तेच,” बाई फणकाऱ्याने म्हणाल्या. चूक आणि त्यांची? मग त्यांनी आपलंच वाक्य पुटपुटून पाहिलं. घरी आले. दमले होते. आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आपलं ‘मी’ त्यांनी बाहेर ठेवलं होतं खरं, पण त्याचं शेपूट आत आलं होतं. शहराच्या भाषेत ‘मी आलो’ला बाईही नसते नि बाप्याही नसतो. मराठीत ते ठरवावं लागतं, आणि ठरवायची वेळ आली तेव्हा बाईंच्या तोंडून बाईच आली.

त्यांनी थंडोबाला समजावून सांगितलं. ‘आले’ आणि ‘आलो’, लिहायला बसलं तर एका कान्याचा फरक.

थंडोबाने जरा विचार केला. “म्हणजे तुमच्या भाषेत आपण कोण हे सांगितल्याशिवाय ‘मी आलो’ एवढंही म्हणता येत नाही?”

“नाही.”

“‘मी जातो’?”

“नाही.”

“‘मी थकलो’?”

“तेही नाही.”

थंडोबा मुलाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. “आणि तो तेव्हा शाळेत जाणारा पोर होता,” तो म्हणाला. त्याच्या आवाजाची पट्टी बदललेली बाईंनी पहिल्यांदा ऐकली.

बाईंची पन्नाशी उलटली होती. इतकी वर्षं त्या ह्या भाषेत जेवत होत्या, भांडत होत्या, स्वप्नं बघत होत्या, आणि तोंड उघडलं की दर वेळी आपण बाई असल्याची ग्वाही देतो हे त्यांच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. ज्याला चप्पल बरोबर बसते त्याला ती घातल्याचं कुठे आठवतं! चावते त्यालाच ती पावलागणिक कळते.

“आईलाही सांगा,” थंडोबा म्हणाला.

बाईंनी सांगितलं. आपली चूक आहे हेही सांगितलं. आईने खुर्चीचा दांडा पुसायचा थांबवला.

“‘आले’ म्हटलं म्हणून गेली?”

“हो, ताई.”

आई पिशवी उचलून दाराशी गेली तेव्हा म्हणाली, “पुढच्या आठवड्यात येईन.” आणि गेली.

बाईंनी थंडोबाला सांगून टाकलं, “ह्या दोघांसाठी दुसरं कुणी बघा.” दोन दिवसांनी मुलाचा निरोप आला. शेवटचं एकदा येतो, तीच बाई चालेल, चुकून शहाणी झालेली बरी. पण नीट बोलायचं.

बाईंनी मग घरी तालीम सुरू केली. भाजी निवडताना, “मी आलो. मी दमलो. मी शाळेत जायचो.” नवरा स्वयंपाकघरात डोकावला. “कोण आलंय?”

“मी आलो,” बाई म्हणाल्या.

“ये बाबा, बस,” नवरा म्हणाला, आणि त्याने खरोखरच चहा टाकला.

सुरुवातीला जीभ ठेचकाळायची. मग बाईंना त्यांची आत्या आठवली. तिच्या गावाकडच्या बायका सर्रास ‘मी येतो, मी जातो’ म्हणायच्या. “मी येतो गं” म्हणत आत्या डोक्यावर पदर सारखा करायची, आणि तिच्या बाईपणात कधी कुणाला खोट दिसली नव्हती. भाषा किती सैल असते, किती जागा असते तिच्यात, आणि आपण तिला कुलूप लावून बसतो. आत्या आठवल्यावर बाईंची जीभ वळली ती वळलीच.

पुढच्या आठवड्यात आई आली ती हातात भला मोठा डबा घेऊन. केंद्रात खायला आणायचं नाही अशी पाटी होती. आईने पाटी वाचली आणि डबा मांडीवर घेतला. मुलगा आला. दाराशी क्षणभर थबकला, मग बसला. हेल्मेट त्याने खाली ठेवलं नाही, हातातच धरून ठेवलं.

“यायला त्रास नाही ना झाला?” आईने विचारलं.

मुलाने मान हलवली.

“बाहेर गार आहे. स्वेटर आणलंय ना बरोबर? वजन उतरलंय तुझं. मुक्काम कुठे असतो हल्ली?”

मुलगा शहराच्या भाषेत बोलला आणि बाईंनी दम घेऊन सांगितलं, “मी मित्राकडे राहतो. सायकलींच्या दुकानात काम करतो.”

‘राहतो’ ऐकून आईच्या पापण्या लवल्या. ‘करतो’ ऐकून तिने डब्यावरचा हात घट्ट केला. पण ती म्हणाली, “सायकली! पाळणाघरातली एक तीनचाकी धड ठेवली नव्हतीस. सगळ्या खोलून पाहिल्यास.”

मुलाला हसू येता येता राहिलं. मग तो खाली बघून बराच वेळ बोलला, आणि त्याचं बोलणं बाईंच्या तोंडून मराठीत असं आलं:

“मला मराठीची लाज कधीच वाटली नाही, आई. पण मराठीत तोंड उघडलं की मी पहिल्याच वाक्याला मुलगी व्हायचो. ‘आई, मी आले.’ ‘आई, मी झोपते.’ दिवसभर, पुन्हा पुन्हा, आणि तेही माझ्याच तोंडाने. दुसऱ्या भाषेत मला लपायला जागा होती. मी तुला सोडून गेलो नव्हतो. मला तेवढीच एक जागा होती. गेल्या हिवाळ्यात मी पलंगावरून उठायचो नाही तेव्हाही मला स्वप्नं मराठीतच पडायची. फक्त स्वप्नात मी गप्प असायचो.”

दुभाष्याने रडायचं नाही. बाईंनी वाक्य पुरं केलं, आवाज फाटू दिला नाही आणि पाण्याचा ग्लास उचलला. त्यांना पाणी नको होतं.

आईने बोटाने डब्याचं झाकण पुसलं.

“असं होतं तर,” ती म्हणाली. “मला वाटायचं, माझीच लाज वाटते. इतकी वर्षं तेच धरून बसले. तुला एवढं सोसावं लागलं, आणि मी ताटावर व्याकरण शिकवत होते. पोटात भूक असताना तुला ताट सोडून जावं लागलं माझ्यापायी. मला हे दिसायला हवं होतं. लेकराचं दुखणं आईला दिसलं नाही तर कुणाला दिसायचं? झोप तरी लागते का आता? औषध वेळेवर घे— घेणं होतं ना वेळेवर?”

ह्या एका ठेचेने बाईंचे कान टवकारले. ‘घेतेयस’ म्हणता म्हणता आई थांबली होती आणि तिने वाक्य फिरवलं होतं. का? बाईंनी मनात मागचं सगळं बोलणं भराभर उलगडून पाहिलं. ‘आलीस का’ नाही, ‘यायला त्रास नाही ना झाला’. ‘राहतेस कुठे’ नाही, ‘मुक्काम कुठे असतो’. ‘बारीक झालीस’ नाही, ‘वजन उतरलंय’. एक ‘गं’ नव्हता. पोराला चिकटलेली एक ‘ली’ नव्हती. बोलायला बसल्यापासून ही बाई आपल्या पोटच्या पोराशी बोलत होती, आणि त्या साऱ्या बोलण्यात त्याच्यासाठी एकही बाईचं रूप आलं नव्हतं.

बाई थक्क झाल्या. शब्द हाच ज्यांचा धंदा, त्या बाईंना असं दोन मिनिटंही बोलता आलं नसतं. मराठीत तोंड उघडलं की ती, तो, ते पायात येतात; त्यातून ही वाट काढत चालली होती. पाळणाघरात दुपारी सगळी पोरं जमिनीवर अस्ताव्यस्त झोपलेली असतात आणि एखाद्याच्या बोटावर पाय न देता पलीकडे जायचं असतं, तशी. आणि हे सगळं घडत होतं साध्या चौकशीत, स्वेटरच्या नि औषधाच्या. बाईंना वाटलं, उठावं आणि हिच्या पाया पडावं.

पण बाईंच्या हातात काय होतं? शहराच्या भाषेत ‘मुक्काम कुठे असतो’ आणि ‘राहतेस कुठे’ ह्यांत काडीचा फरक नाही. आईने घाम गाळून विणलेली सगळी वीण बाईंच्या तोंडातून पलीकडे जाताना उसवून जात होती. थंडोबा शांतपणे मान डोलवत होता. त्याच्या कानांपर्यंत एक साधी चौकशी पोचत होती.

आणि मुलगा? त्याच्या कानांवर मराठी पडत होती, पण तो वाट बघत होता ती एका शब्दाची. जो शब्द आलाच नाही, त्याची. जे शब्द टाळले गेले त्यांच्याकडे त्याचं लक्ष कसं जाणार?

तो उठला. थंडोबाकडे वळून शहराच्या भाषेत म्हणाला, “ती चांगली बोलली. पण एकदाही मुलगा म्हणाली नाही. लेकरू म्हणते. पाळणाघरातल्या पोरांना म्हणते तसं. मला उत्तर मिळालं.” त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं. पत्त्याचं नावही काढलं नाही.

हेही आईला मराठीत सांगायचं बाईंचं काम होतं. त्यांनी सांगितलं नाही. त्या उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

“दुभाष्याला स्वतःचं काहीतरी बोलायचं आहे,” त्या थंडोबाला म्हणाल्या. दाराबाहेर ठेवलेलं ‘मी’ त्यांनी त्या दिवशी आत आणलं. मग मुलाकडे वळून शहराच्या भाषेतच म्हणाल्या, “मी मागच्या वेळी तुझा घात केला. आज माझं ऐकून मग जा. आल्यापासून तुझी आई तुला एकदाही ‘गं’ म्हणालेली नाही. एकदाही ‘आलीस’, ‘गेलीस’, ‘झालीस’ नाही. आठव. आठवून बघ, मी थांबते. हे आपोआप होत नाही, बाळा. आपल्या भाषेत असं बोलता येतं हेच मला आज कळलं. ती दर वाक्याला थांबते, आतल्या आत रस्ता बदलते आणि मग बोलते. मी पोटासाठी हेच काम करते, आणि मला हे जमणार नाही.”

मुलगा हेल्मेट घालून तसाच उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. बहुधा तो आठवत होता.

“काय सांगितलंत?” आईने धास्तावून विचारलं.

“तुमची चोरी पकडली, ताई. ‘ली’ गाळताय ती.”

आईचा चेहरा लालबुंद झाला. “खोटं कशाला बोलू?” ती म्हणाली. “‘आलीस’ म्हणायचं नाही असं ठरवून आले. पण ‘आलास’ म्हणायला जीभ अजून उचलत नाही. जन्मल्यापासून ‘गं’ म्हटलंय. जीभ म्हणजे काय टोपी आहे, एक काढली नि दुसरी घातली? म्हटलं, तोवर मधून वाट काढू. आठवडाभर घरात भांड्यांशी बोलून पाहिलं. कढईला विचारलं, ‘कुठे जाणं चाललंय?’ फार अवघड आहे हो. दमायला होतं. पण त्याच्यापायी कुणी उठून जाणार असेल तर मी मुकी होईन, तेही चालेल मला. तेवढं सांगा.”

बाईंनी सांगितलं, एक शब्द न गाळता. कढईसकट.

मुलाने हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले होते, डोळे भरलेले होते. तो खुर्चीत बसला तो जवळजवळ कोसळलाच. मग आईने, काय करावं हे न सुचलेल्या कुठल्याही आईसारखं, डब्याकडे बघून विचारलं, “भूक लागली असेल ना?”

मुलाने थंडोबाकडे बघितलं नाही, बाईंकडेही नाही. त्याने ओठ ओले केले. आणि गंजलेल्या कडीसारखा त्याचा आवाज निघाला, मराठीत.

“मी… मी भूक लागलो.”

इतक्या वर्षांनी आईच्या कानावर पडलेलं त्याचं ते पहिलं मराठी वाक्य होतं. पण आई ती आईच.

“‘मी भूक लागलो’ काय?” ती पटकन म्हणाली. “‘मला’. मला भूक लागली.”

“ली नको,” मुलगा म्हणाला.

बाईंना वाटलं, झालं, पुन्हा ताट, पुन्हा व्याकरण. पण आई पुढे झुकली होती. काहीतरी तिच्या ध्यानात येत होतं. भूक लागला, तहान लागला. कुठल्या शब्दापासून हे पोर पळत होतं, कशासाठी ताटं सोडत होतं.

“अरे!” ती ओरडलीच. “अरे, ती ‘ली’ तुझी नाहीच मुळी! लागली ती भूक! बाई असलीच तर ती भूक आहे रे वेड्या, तू कशाला? तू तर ‘मला’त बसलायस, मजेत. ‘मला’ला कुणी काही विचारत नाही. भूक बाई, तहान बाई, झोप बाई. राग आला, तो बाप्या. आणि रडू आलं, ते बिचारं ना ह्यांतलं ना त्यांतलं. त्यांचं त्यांच्यापाशी. तुझा काय संबंध? आणि एवढ्यासाठी उपाशी उठायचास होय रे माझ्या राजा?”

बाईंनी मोजलं नाही, पण त्यांच्या कानांनी सगळं टिपलं. अरे. रे. वेड्या. बसलायस. उठायचास. माझ्या राजा. जी जीभ आठवडाभर भांड्यांपुढे वळली नव्हती ती पोराचं व्याकरण सुधारता सुधारता कधी वळली, तिचं तिलाही कळलं नव्हतं. आई आपली डब्याचं झाकण सैल करत होती.

मुलाला मात्र कळलं होतं. तो आईकडे असा बघत होता, जणू घराचं दार समोर आहे आणि ते आतून कुणी उघडलं आहे.

“काय झालं?” थंडोबाने हळूच विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं. त्याच्या भाषेत भूक बाई नव्हती, राग बाप्या नव्हता, आणि ‘रे’ तर नव्हताच. त्यांनी त्याला हातानेच थांबा म्हणून सांगितलं. गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. दुभाष्याने रडायचं नाही हा नियम होता, आणि तो मोडल्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

“मला भूक लागली,” मुलगा म्हणाला. ‘ली’सकट. स्वच्छ, लहानपणी बोलायचा तसं.

“हां, अस्सं,” आई म्हणाली आणि तिने डबा त्याच्यापुढे सरकवला. “खा. आणि खाता खाता पत्ता सांग. पुढचा डबा कुठे पाठवायचा ते कळायला नको?”

तो सांगू लागला, घास तोंडात, अडखळत, मराठीत. दुभाषीबाईंनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.